तुमची पीपीटी, दुसऱ्याचा लॅपटॉप

सांगली-मिरजेत आता पीपीटीशिवाय कार्यक्रम होत नाही. तासगाव भागात द्राक्ष बागायतदारांचा मेळावा असो, शाळांच्या केंद्रातली शिक्षण परिषद असो, मिरजेतल्या डॉक्टरांची परिषद असो की बचत गटाचं प्रशिक्षण, मंचाशेजारी प्रोजेक्टर आणि त्याला जोडलेला कुणाचा तरी लॅपटॉप असतोच. तो लॅपटॉप बहुतेक वेळा वक्त्याचा नसतो, आणि तिथेच घोळ सुरू होतो. शीर्षकाच्या जागी चौकोन येतात, शेवटची ओळ स्लाइडच्या खाली सांडते, व्हिडिओची नुसती काळी चौकट दिसते. वक्ता म्हणतो, "घरी बरोबर दिसत होतं हो!" संयोजक म्हणतो, "आमचा लॅपटॉप नवाच आहे." दोघंही खरंच सांगत असतात.

पहिल्यांदाच पीपीटी करून दुसऱ्याच्या मशीनवर दाखवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. क्रमाने वाचलात तर बरं, पण कार्यक्रम उद्यावर आला असेल तर थेट मराठी फॉन्टचा भाग वाचा. आपल्याकडे निम्म्याहून जास्त रडगाणं तिथलंच असतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

लग्नाच्या आचाऱ्याला आपण सामानाची यादी देतो, तशीच पीपीटीची फाईल असते. यादीत लिहिलेलं सगळं त्या गावच्या दुकानात मिळेलच असं नाही, आणि मिळालं नाही तर आचारी हाताशी असेल त्यावर भागवतो. पीपीटीचंही तसंच. 'हे शीर्षक अमुक फॉन्टमध्ये, चाळीसच्या आकारात, या जागी' एवढंच फाईलमध्ये लिहिलेलं असतं. तो फॉन्ट समोरच्या मशीनवर नसला तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा लावतं आणि तुम्हाला विचारतही नाही.

खात्री करायची असेल तर फाईल उघडून बघा, गंमत आहे. पीपीटीएक्स ही फाईल मुळात झिपच असते. फाईलची एक प्रत काढा. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग प्रतीच्या नावातलं शेवटचं पीपीटीएक्स खोडून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत 'पीपीटी' नावाचं फोल्डर दिसेल, त्यात 'स्लाइड्स' आणि 'मीडिया'. मीडियात तुमचे फोटो आणि व्हिडिओ सापडतील. जे तिथे दिसतं ते फाईलबरोबर प्रवास करतं. जे दिसत नाही ते तुमच्या लॅपटॉपवरच राहतं, आणि मुद्दाम सोय केली नसेल तर फॉन्ट या राहणाऱ्यांतच असतो. (फाईल बिघडून उघडेनाशी झाली, तर याच वाटेने निदान फोटो तरी परत मिळवता येतात.)

पहिली पायरी: हॉलवर फोन करा

स्लाइड करायला बसण्याआधीच संयोजकांना विचारा. लॅपटॉपवर काय आहे, पॉवरपॉइंट, की पीपीटी उघडणारी लिब्रेऑफिस, डब्ल्यूपीएस अशी दुसरी सॉफ्टवेअर? आवृत्ती कोणती? पडदा रुंद आहे की जुन्या टीव्हीसारखा चौकोनी? वायर एचडीएमआयची की व्हीजीएची? नेट आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी माझाच लॅपटॉप जोडला तर चालेल का? 'चालेल' म्हणाले तर अर्धा लेख वाचायची गरज उरत नाही, फक्त तुमच्या लॅपटॉपला बसणारी वायर किंवा कन्व्हर्टर बरोबर ठेवा. पण एकामागून एक दहा वक्ते असतील तर बहुतेक संयोजक सगळ्यांच्या फाईली एकाच मशीनवर मागतात, आणि त्यांचंही बरोबर असतं. दर वक्त्यागणिक वायर बदलत बसलं तर जेवणाची वेळ टळते.

आवृत्ती कुठे बघायची हे पलीकडच्या माणसाला माहीत नसलं तर तुम्ही सांगा: पॉवरपॉइंट उघडून 'फाईल', मग 'अकाउंट'. २०१० च्या आवृत्तीत 'अकाउंट' ऐवजी 'हेल्प' मध्ये दिसतं. २००७ मध्ये 'फाईल' हा शब्दच नाही, डावीकडे वर गोल बटण आहे. गोल बटण दिसतंय असं फोनवर कळलं की समजून जा, मशीन बरंच जुनं आहे.

या सालांचा उपयोग काय? २००३ पर्यंतची पॉवरपॉइंट पीपीटी ही जुनी फाईल करायची. २००७ पासून पीपीटीएक्स आली. पुढे २००८ मध्ये हा प्रकार आयएसओ २९५०० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाला, त्यामुळे लिब्रेऑफिस आणि गूगल स्लाइड्सही ती फाईल उघडतात. उघडतात म्हणजे तशीच दाखवतात असं नव्हे. २०१० पासून व्हिडिओ फाईलच्या आत बसू लागला. २०१३ पासून नवी स्लाइड आपोआप रुंद, म्हणजे सोळाला नऊ या प्रमाणात उघडू लागली. मायक्रोसॉफ्टने २०१० च्या ऑफिसची देखभाल ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवली, २०१६ आणि २०१९ ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. पण देखभाल थांबली म्हणून सॉफ्टवेअर बंद पडत नाही. शाळांत, सोसायट्यांत, ग्रामपंचायतीत ते सुखाने चालूच असतं. तुमची गाठ त्याच्याशीच पडणार, हे धरूनच चाला.

दुसरी पायरी: मराठी मजकूर

मराठी दोन तऱ्हांनी बिघडते आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. म्हणून आधी निदान.

एखादी मराठी ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसली तर तुमचा मजकूर युनिकोड आहे, म्हणजे फाईलीत खरोखर मराठी अक्षरंच साठवलेली आहेत. इंग्रजी अक्षरांचा काला दिसला तर तो कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या घराण्यातल्या फॉन्टचा आहे. या फॉन्टमध्ये फाईलीत मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा वेश चढवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलंत तर आत ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं असतात. दुसऱ्या मशीनवर कृतिदेव नसला की वेश गळून पडतो आणि पडद्यावर तीच पाच अक्षरं येतात. सभागृहात हशा पिकतो तो यामुळेच.

जुना फॉन्ट निघाला तर माझं स्पष्ट मत आहे: फॉन्ट बरोबर नेण्याची खटपट करू नका, मजकूरच युनिकोडमध्ये आणा. नेटवर रूपांतर करून देणारी साधनं फुकट मिळतात. ती वापरा, पण नंतर प्रत्येक ओळ वाचा. रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी एक घर सरकते, 'ऱ्हास' आणि 'दऱ्या' यांतला र हमखास मोडतो, आणि मजकुरात मध्येच औषधाचं किंवा खताचं इंग्रजी नाव असेल तर साधन त्याचंही 'मराठीकरण' करून टाकतं. छाटणीच्या वेळापत्रकात असं झालं तर बागायतदार काय फवारेल सांगता येत नाही. स्लाइडी थोड्याच असतील तर सरळ नव्याने टाइप करा, तपासण्यापेक्षा ते लवकर होतं.

टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' मधून मराठी भाषा जोडा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतोच. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटनंतरच्या विंडोज १० मध्ये आणि ११ मध्ये फोनेटिकही आहे, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग मारलं की मराठी उमटते. सवय नसणाऱ्यांनी फोनवर बोलून टाइप करावं, स्वतःलाच ईमेल करावी आणि लॅपटॉपवर पेस्ट करावं. कुणी हसणार नाही.

आता दुसरा प्रकार. मजकूर युनिकोड आहे, वाचताही येतो, पण मांडणी विस्कटली. याचं कारण असं की एकाच आकारात वेगवेगळे मराठी फॉन्ट वेगवेगळी जागा खातात. मंगल ऐसपैस बसतो आणि दोन ओळींत भरपूर अंतर सोडतो. कोकिळा आणि अपराजिता त्याच आकड्याला कितीतरी बारीक दिसतात. तुम्ही कोकिळा घेऊन स्लाइड गच्च भरली आणि समोरच्या मशीनने तिथे दुसरा फॉन्ट लावला, की शेवटच्या दोन ओळी पडद्याबाहेर गेल्याच समजा.

मंगल सगळीकडे असतो हा समजही आता जुना झाला. रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवलेला हा फॉन्ट विंडोजबरोबर वर्षानुवर्षं आला, पण विंडोज १० पासून तो जादा फॉन्टच्या गठ्ठ्यात गेला. मशीनवर हिंदी किंवा मराठी भाषा जोडलेली नसेल तर तो नसू शकतो. विंडोज ८ आणि त्यापुढे हमखास असतो तो निर्मला यूआय. दिसायला काही फार देखणा नाही, पण विंडोजवर दगा देत नाही. मॅकवर मात्र तो धरू नका. तिथे कोहिनूर देवनागरी असतो, आणि लिनक्सवर किंवा अँड्रॉइडवर बहुधा नोटो.

म्हणून नवख्याला माझा सल्ला असा:

१. संपूर्ण पीपीटीत एकच मराठी फॉन्ट ठेवा. विंडोजवरच दाखवायची असेल तर निर्मला यूआय. नक्की माहीत नसेल तर 'मुक्त' नावाचा फॉन्ट किंवा 'नोटो सान्स देवनागरी'. हे दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, कुणालाही देता येतात, कुठेही बसवता येतात.

२. आधीच चार फॉन्ट घुसलेले असतील तर 'होम' मधल्या 'रिप्लेस' शेजारच्या बाणावर टिचकी मारून 'रिप्लेस फॉन्ट्स' घ्या. फाईलीत काय काय लपलंय ते तिथल्या यादीतच दिसतं.

३. मग 'फाईल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' अशी वाट धरा आणि तळाशी 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल' वर खूण करा. त्याखाली दोन पर्याय येतात: फक्त वापरलेली अक्षरं, किंवा सगळी अक्षरं. पलीकडे कुणी एखादा शब्द दुरुस्त करण्याची शक्यता असेल तर सगळी अक्षरं घ्या. फाईल जड होते, होऊ द्या.

४. प्रत्येक मजकुराच्या चौकटीत खाली निदान एक ओळ रिकामी सोडा. मजकूर आपोआप बारीक करून बसवणाऱ्या सोयीवर विसंबू नका. प्रत्येक सॉफ्टवेअर तो हिशोब आपापल्या पद्धतीने करतं.

तिसऱ्या मुद्द्याला मर्यादा आहेत. काही फॉन्टच्या मालकांनी फाईलीत बसवायची परवानगीच दिलेली नसते, तेव्हा पॉवरपॉइंट तसं सांगतं. गूगल स्लाइड्स हे आत बसवलेले फॉन्ट वापरत नाही, लिब्रेऑफिसवर आणि मॅकच्या जुन्या पॉवरपॉइंटवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून फॉन्टची टीटीएफ फाईल पेनड्राइव्हवर वेगळीही ठेवा. हॉलच्या मशीनवर तिच्यावर उजवी टिचकी मारून 'इन्स्टॉल' म्हटलं की झालं. नंतर पॉवरपॉइंट बंद करून पुन्हा उघडायचं मात्र विसरू नका, नाहीतर 'बसवला तरी दिसत नाही' म्हणून आणखी दहा मिनिटं जातात. शाळा-कॉलेजच्या मशीनवर पासवर्ड मागितला जाऊ शकतो, तो कुणाकडे आहे हे आदल्या दिवशीच विचारून ठेवलेलं बरं.

इंग्रजी मजकुराचाही एक नवा त्रास आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये २०२३ पासून ॲप्टोस हा फॉन्ट आपोआप येतो. २०१६ च्या ऑफिसमध्ये तो नाही. नव्या लॅपटॉपवर करून जुन्यावर दाखवणार असाल तर कॅलिब्री किंवा एरियल घ्या. एरियलच्या मापाचा फॉन्ट लिब्रेऑफिसबरोबरही येतो, त्यामुळे तिथे ओळी फारशा हलत नाहीत.

तिसरी पायरी: पडद्याचा आकार

हे सुरुवातीलाच ठरवायचं असतं. 'डिझाइन' मध्ये 'स्लाइड साइझ' आहे. नव्या प्रोजेक्टरला आणि मोठ्या टीव्हीला सोळाला नऊ, जुन्या प्रोजेक्टरला चाराला तीन. माहिती मिळालीच नाही तर सोळाला नऊ ठेवा. जुन्या पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येतील, एवढंच. स्लाइडी पूर्ण झाल्यावर आकार बदललात तर सगळ्या चौकटी पुन्हा हाताने लावाव्या लागतात.

चौथी पायरी: आलेख, फोटो, व्हिडिओ

आलेखाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यात माहिती चुकीची दिसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. समजा तुम्ही पूर व्यवस्थापनावर बोलणार आहात आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आलेख दाखवताय. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. बहुतेक जण आलेख घालतात आणि त्यावर 'शेप्स' मधली लाल रेघ नजरेच्या अंदाजाने ४५ वर ठेवतात. घरी ती बरोबर बसते. पण आलेख आणि रेघ या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरने आकड्यांचा फॉन्ट बदलला की आलेखाची आतली जागा लहान-मोठी होते, रेघ मात्र जागची हलत नाही. आता ती ४२ वर दिसते, आणि सांगलीकर श्रोता ते लगेच पकडतो, कारण हे आकडे इथे पोराटोरांना पाठ आहेत. उपाय सोपा आहे. आलेखाच्या तक्त्यात आणखी एक रकाना करा, त्यात सगळीकडे ४५ भरा आणि त्याची रेघ आलेखातूनच काढा. ती आलेखाबरोबरच हलेल. बाण, गोल, 'इथे बघा' असल्या खुणांनाही हाच नियम. रकान्यातून करता येत नसेल तर आलेख आणि खुणा एकत्र निवडून कापा आणि 'पेस्ट स्पेशल' ने पीएनजी चित्र म्हणून चिकटवा. मूळ आलेख वेगळ्या फाईलीत जपून ठेवा.

एक्सेलमधून आलेख आणताना चिकटवायचे पर्याय येतात. 'लिंक' असं लिहिलेला पर्याय टाळा. त्यात आकडे तुमच्या लॅपटॉपवरच्या एक्सेल फाईलीत राहतात. पलीकडे आलेख दिसेल, पण 'एडिट डेटा' म्हटलं की फाईल सापडत नाही म्हणून रडेल.

फोटो सहसा त्रास देत नाहीत. आयफोनचे एचईआयसी फोटो आधी जेपीजी करून घ्या.

व्हिडिओ मात्र जपून. २००७ पर्यंतच्या पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ बाहेरच राहायचा, फाईलीत नुसता पत्ता असायचा. नव्यातही 'लिंक टू फाईल' निवडलं तर तेच होतं. म्हणून 'इन्सर्ट' करताना साधा 'इन्सर्ट' घ्या. एमपी४ हे नाव पाहून निर्धास्त होऊ नका, आतल्या गुंडाळणीला (म्हणजे व्हिडिओ कोणत्या पद्धतीने दाबून साठवलाय त्याला, इंग्रजीत 'कोडेक') महत्त्व आहे. एच २६४ ही गुंडाळणी २०१३ पासूनच्या पॉवरपॉइंटला चालते. अलीकडचे फोन जागा वाचवायला एचईव्हीसी वापरतात आणि ते प्रत्येक विंडोजवर चालत नाही: आवाज येतो, चित्र येत नाही. आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये 'फॉरमॅट्स' खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' आहे, चित्रीकरणाआधी ते निवडा. झालेल्या व्हिडिओसाठी हँडब्रेक हे फुकटचं साधन रूपांतर करून देतं. हॉलमध्ये २०१० ची आवृत्ती असेल तर एमपी४ चाही भरवसा नाही, तिला डब्ल्यूएमव्ही मानवतं.

यूट्यूबचा व्हिडिओ स्लाइडमध्ये बसवू नका. हॉलचं वायफाय नावापुरतंच असतं आणि भरगच्च सभागृहात मोबाईलचं नेटही दमतं.

आणि आवाज! व्हीजीए वायरमधून आवाज जात नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून माइकवाल्याच्या मिक्सरपर्यंत वेगळी वायर लागते. ती माइकवाल्याकडे असते, पण आधी सांगितलं तरच तो आणतो.

पाचवी पायरी: नखरे कमी

नव्या आवृत्तीतलं 'मॉर्फ' हे स्लाइड बदलण्याचं तंत्र जुन्यात साध्या 'फेड' सारखं दिसतं. त्यात काही अडत नाही, पण 'आता बघा हळद कशी पिवळी होत जाते' असं तुमचं वाक्य मॉर्फवर बेतलेलं असेल तर फजिती ठरलेली. त्रिमितीय मॉडेल, झूम, आयकॉन या सगळ्यांची जुन्यात साधी चित्रं उरतात. स्मार्टआर्टच्या आकृत्या २००७ पासून चालतात, पण लिब्रेऑफिसमध्ये त्यांतला मजकूर कधी कधी जागा सोडतो.

पॉवरपॉइंट स्वतःच तपासणी करून देतं. 'फाईल', 'इन्फो', 'चेक फॉर इश्यूज', 'चेक कम्पॅटिबिलिटी'. जुन्या आवृत्तीत काय हरवेल याची यादी ते देतं. फॉन्टबद्दल मात्र अवाक्षर काढत नाही, म्हणून ते आपणच बघायचं.

वरच्या पट्टीत फाईलीच्या नावापुढे 'कम्पॅटिबिलिटी मोड' दिसत असेल तर फाईल जुन्या पीपीटी प्रकारची आहे. हॉलमध्ये खरोखरच २००३ ची आवृत्ती नसेल तर 'सेव्ह ॲज' करून ती पीपीटीएक्स करून टाका. 'जुनं सगळीकडे चालतं' म्हणून मुद्दाम पीपीटीत सेव्ह करणारे अजून भेटतात. त्यात फायदा काही नाही, उलट आकृत्यांची चित्रं होतात आणि पुढे दुरुस्ती करता येत नाही.

सहावी पायरी: चौघांनी मिळून केलेली पीपीटी

शिक्षकांच्या गटात हे फार चालतं. एकजण पॉवरपॉइंटमध्ये, दुसरी गूगल स्लाइड्समध्ये, तिसरा फोनवरच्या डब्ल्यूपीएसमध्ये, आणि शेवटी जतहून कुणीतरी लिब्रेऑफिसमध्ये 'फक्त एक शब्द' दुरुस्त करून पाठवतं. फाईल प्रत्येक हातात थोडी झिजते, कारण प्रत्येक सॉफ्टवेअर सेव्ह करताना ती आपल्या भाषेत नव्याने लिहितं.

एकच सॉफ्टवेअर ठरवा, आणि ते हॉलमध्ये असेल तेच. बाकीच्यांनी मजकूर व्हॉट्सॲपवर साधा टाइप करून पाठवावा, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत (फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं), आणि जुळवाजुळव एकाच माणसाने करावी. सगळ्यांना एकत्र काम करायचंच असेल तर सुरुवातीपासून गूगल स्लाइड्समध्ये करा आणि दाखवतानाही ब्राउझरमधूनच दाखवा. नेटची खात्री नसेल तर पीपीटीएक्स उतरवून घ्या आणि पॉवरपॉइंटमध्ये पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत नजर टाका.

सातवी पायरी: बोचकं बांधा

एक फोल्डर करा. त्यात पीपीटीएक्स, तिचीच पीडीएफ, व्हिडिओच्या मूळ फाईली आणि फॉन्टच्या टीटीएफ. फाईलीच्या नावात तुमचं आडनाव आणि विषय असू द्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचं' अशी नावं हॉलच्या डेस्कटॉपवर आधीच भरपूर असतात.

पीडीएफ कधीच टाळू नका. 'फाईल', 'एक्स्पोर्ट', मग पीडीएफ. तिच्यात सहसा फॉन्ट आतच बसतात, मांडणी हलत नाही. हालचाल आणि व्हिडिओ जातात, पण साठ टक्के व्याख्यानांना त्यांची गरजच नसते असं माझं मत आहे, अंदाजाने सांगतोय. तयार झालेली पीडीएफ आपल्या फोनवर उघडून बघा. फोनवर मराठी धड दिसली तर हॉलमध्येही दिसेल.

हालचाल नकोय पण पॉवरपॉइंटमध्येच दाखवायचं आहे, तर 'सेव्ह ॲज' च्या यादीत 'पॉवरपॉइंट पिक्चर प्रेझेंटेशन' आहे. प्रत्येक स्लाइडचं एक चित्र होतं, फॉन्टचा प्रश्नच मिटतो. दुरुस्ती मात्र अजिबात करता येत नाही, म्हणून मूळ फाईलीवर चुकूनही हे सेव्ह करू नका.

जीमेलने २५ एमबीपर्यंतच जोडणी जाते. मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक द्या आणि लिंक उघडण्याची परवानगी तपासा, नाहीतर संयोजकांचा 'ॲक्सेस द्या' असा निरोप तुम्हाला एसटीत बसल्यावर येतो. फाईल जड झाली असेल तर 'फाईल', 'इन्फो' मधलं 'कम्प्रेस मीडिया' व्हिडिओ हलका करतं.

शक्य असेल तर फोल्डर शेजारच्या किंवा भाच्याच्या लॅपटॉपवर उघडून बघा, आणि तो तुमच्यापेक्षा जुना असेल तर उत्तमच.

हॉलमध्ये पोहोचल्यावर

अर्धा तास आधी जा. फोल्डर पेनड्राइव्हवरून डेस्कटॉपवर कॉपी करा आणि तिथूनच उघडा. झिपच्या आतून किंवा थेट पेनड्राइव्हवरून उघडू नका. पहिल्यांदा उघडल्यावर वर पिवळी पट्टी दिसली तर घाबरू नका. बाहेरून आलेली फाईल म्हणून पॉवरपॉइंट तिला बंधनात ठेवतं. 'एनेबल एडिटिंग' दाबा, त्याशिवाय व्हिडिओ चालणार नाही. एफ५ दाबून सगळ्या स्लाइडी भराभर पुढे न्या. वाचू नका, फक्त फॉन्ट, तळाची ओळ आणि व्हिडिओ बघा.

'फाईलमध्ये अडचण आहे, दुरुस्त करू का' असा निरोप आला तर आधी 'नाही' म्हणा. फाईलीवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज', आणि तळाशी 'अनब्लॉक' दिसलं तर त्यावर खूण करून पुन्हा उघडा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर फाईल अर्धीच कॉपी झाली असेल, मूळ ठिकाणची आणि इथली साइझ ताडून बघा. तेही बरोबर असेल तर नवी कोरी पीपीटी उघडून 'न्यू स्लाइड' खालच्या 'रीयूज स्लाइड्स' ने (त्या आवृत्तीत ते असेल तर) तुमच्या स्लाइडी एकेक करून आत ओढा. जी स्लाइड ओढल्यावर गोंधळ होतो तीच दोषी, ती सोडून द्या.

मराठी फुटलेली दिसली आणि हातात दहा मिनिटंच असली तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, पीडीएफ उघडा. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि एल दाबलं की पूर्ण पडदा होतो, ब्राउझरमध्ये एफ११. श्रोत्यांना फरक कळतही नाही.

तुमच्या टिपणांचा पडदाच लोकांना दिसू लागला तर 'स्लाइड शो' मधल्या 'यूज प्रेझेंटर व्ह्यू' वरची खूण काढा. पडद्यावर काहीच येत नसेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा.

भाषण झाल्यावर चहाला पळण्याआधी तुमचं फोल्डर डेस्कटॉपवरून काढा, रिसायकल बिनमधूनही. त्यात रुग्णांचे किंवा मुलांचे फोटो असतील तर हे नक्कीच. हॉलच्या ब्राउझरमध्ये जीमेल उघडलं असेल तर साइन आउट करा, आणि व्हॉट्सॲप वेब जोडलं असेल तर फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन ते मशीन तिथूनच तोडा.